आडनावातला कापूस

घणसोली गावात आम्ही राहतो त्या इमारतीच्या गच्चीवर रमजानच्या महिन्यात रोज एक वर्ग भरतो. अस्रची नमाज झाली की साडेपाचच्या सुमारास मुलं वर येतात आणि मगरिबची अजान ऐकू आली की खजुरांच्या ताटलीकडे धावतात. वर्गाला नाव नाही, फी नाही, हजेरीपट नाही. सुरुवात निव्वळ सोयीसाठी झाली. रोज्याच्या दिवसातला शेवटचा तास मुलांना सगळ्यात जड जातो. घशाला कोरड पडलेली असते आणि खाली स्वयंपाकघरात भज्यांचं तेल तापलेलं असतं. मुलं पायांत येऊ नयेत म्हणून दोन वर्षांपूर्वी शेजारणींनी मला गळ घातली, "मॅडम, तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवता, तर यांनाही तासभर काही सांगत बसा."

इमारत गावठाणातली. तळमजल्यावर घरमालकांचं आगरी कुटुंब आणि मागच्या दोन खोल्या भाड्याच्या, वरच्या तीन मजल्यांवर आम्ही बाकीचे भाडेकरू. कोणी आझमगडचे, कोणी मालेगावचे, कोणी नांदेडकडचे, एक घर महाडजवळच्या खाडीकाठचं. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीला मागे जावंच लागतं. गच्चीवरून एका बाजूला ठाण्याच्या खाडीकाठची तिवरं दिसतात, दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या काचेच्या इमारती. घरमालकांचा नातू रोजा धरत नाही, पण वर्ग बुडवत नाही. इफ्तारीच्या कलिंगडावर पहिला हक्क आपला, असं तो समजतो आणि मुलांनीही ते मान्य केलं आहे.

यंदा चौथ्या रोज्याला गच्चीवर भांडण झालं. कॅरमचा डाव होता. हरलेल्या सातवीतल्या मुलाने जिंकलेल्या पाचवीतल्या मुलाला एक शब्द ऐकवला. शब्द जातीचा होता, साफसफाईचं काम करणाऱ्यांचा, आणि तो शिवीसारखा फेकलेला होता. तो मी इथे लिहीत नाही. तुम्हाला तो ठाऊक आहे. तळमजल्याच्या मागच्या खोलीत राहणारा तो पाचवीतला मुलगा सोंगटी हातात धरून तसाच बसून राहिला. मग आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, आपल्यात जात नसते ना? मग ही शिवी कशी झाली?"

माझ्या कॉलेजातल्या हिंदू सहकारी हाच प्रश्न मला उलट्या बाजूने विचारतात, "अय्या, तुमच्यातही जाती असतात?" त्यांना मी पटकन उत्तर देते. धर्माने जात सांगितलेली नाही, पण या मातीत राहून आम्ही तिच्यापासून सुटलो नाही, असं काहीतरी. स्टाफरूममध्ये ते खपून जातं. गच्चीवर मात्र मला एकदम बोलता आलं नाही. कारण माझं स्वतःचं आडनाव शेख आहे आणि ते आमचं मूळ आडनाव नाही.

आम्ही पिंजारी. माझे पणजोबा बार्शीकडच्या गावांत खांद्यावर पिंजण घेऊन फिरायचे. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की घरोघरच्या गाद्या, उशा, रजया उसवून आतला दबलेला कापूस पुन्हा मोकळा करायचा, हे काम. धनुष्यासारख्या त्या पिंजणाच्या तारेचा टणत्कार गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की बायका गाद्या बाहेर आणून ठेवत. आजोबा १९५०च्या सुमारास मुंबईला आले आणि गिरणीत लागले. गंमत अशी की गिरणीतही त्यांना कार्डिंग खातंच मिळालं, म्हणजे कापूस पिंजण्याचंच काम, फक्त यंत्रावर. पण खोली घेताना, मुलांना शाळेत घालताना त्यांनी नाव सांगितलं ते शेख. आजीच्या घरी माळ्यावर पणजोबांचं पिंजण होतं. पाहुणे यायचे म्हटलं की आजी त्यावर चादर टाकायची. मी लहानपणी ती चादर उचलून तार छेडली म्हणून मार खाल्ला आहे. का मारलं, ते तेव्हा कोणी सांगितलं नाही.

तर त्या संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, "उद्या येताना प्रत्येकाने घरी विचारून या. तुमचे आजोबा, पणजोबा काय काम करायचे? आजी काय करायची? आणि तुमच्या आडनावाचा अर्थ काय? एका कागदावर लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी मुलं भांडण विसरून कागद फडकवत आली. मालेगावच्या घरातून आलेल्या कागदावर होतं, 'दादा आणि परदादा करघा चालवायचे. आम्ही मोमीन.' १८५७च्या उठावानंतर उत्तरेतल्या विणकरांची कुटुंबं मोठ्या संख्येने दक्षिणेकडे सरकली आणि मालेगाव, भिवंडी ही मागाची गावं झाली. आझमगडची मुलं अन्सारी. तीही विणकरच. 'जुलाहा' म्हणून हिणवलं जाणाऱ्या या समाजाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला आपली संघटना उभी केली आणि 'मोमीन', 'अन्सारी' ही नावं अभिमानाने लावली. अन्सार म्हणजे मदत करणारे. मक्केहून निघालेल्या प्रेषितांना ज्या मदीनावासीयांनी आसरा दिला, ते अन्सार. दोन वेगळ्या मजल्यांवर राहणाऱ्या, एक दख्खनी आणि एक भोजपुरी वळणाची उर्दू बोलणाऱ्या या दोन घरांना आपण एकाच धंद्याचे आहोत, हे त्या कागदांमुळे कळलं.

नांदेडकडची मुलगी आतार. अत्तर विकणारे ते आतार, हे तिला माहीत होतं. पण फक्त अत्तर नाही, काढ्याची औषधं, सुंठ, हिरडा, कुंकू-बुक्कासुद्धा आताराच्या दुकानात मिळायचं, हे तिच्या आजीने फोनवर सांगितलं. लग्नाच्या याद्या घेऊन हिंदू घरातले लोक पहिल्यांदा आपल्याच दुकानात यायचे, असंही. महाडकडचा मुलगा नाखवा. नाखवा म्हणजे जहाजाचा तांडेल, कप्तान. मूळ फारसी शब्द नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. हे ऐकल्यावर घरमालकांचा नातू उठूनच उभा राहिला. "आमच्यात पण नाखवा म्हणतात! कोळी लोकांत." कोकणी मुसलमान आणि कोळी एकाच पाण्यावर वाढले, शब्द कोणाच्या होडीतून कोणाच्या होडीत गेले याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

नातवाचा स्वतःचा कागद कोरा होता. त्याने कागदाऐवजी आजीलाच वर आणलं. सत्तरी ओलांडलेली ती बाई गुडघे धरत तीन जिने चढून आली, ओंजळीत पदराखाली खडे मीठ घेऊन. "आमी आगरी. आगर म्हंजे मिठागर," ती म्हणाली. मग मुलांना तिने उधाणाचं पाणी कोंडीत कसं घ्यायचं, उन्हाने ते कसं आटवायचं, पावसाच्या आधी रास कशी झाकायची, सगळं हातवारे करून सांगितलं. आता जिथे काचेच्या इमारती दिसतात त्या पट्ट्यात भाताची खाचरं होती, असंही ती म्हणाली. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या आणि तिच्या पिढीचं काम तिच्या डोळ्यांदेखत इतिहासात जमा झालं. एका लहानग्याने बोलता बोलता मिठाचा खडा तोंडात टाकला आणि रोजा तुटला म्हणून भोकाड पसरलं. विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही, हे त्याला पटवण्यात पाच मिनिटं गेली. आजी पदराला तोंड पुसत हसत होती.

त्या दिवसापासून मी रोज एका कामाची गोष्ट सांगू लागले. इस्लामच्या परंपरेत अशा गोष्टींना तोटा नाही. आपण त्या मुलांना सांगत नाही, एवढंच. नमाज, रोजा, दुआ यांचं पाठांतर करून घेतो आणि कष्टांच्या गोष्टी वगळून टाकतो.

हजरत दाऊद राजे होते, तरी आपल्या हाताच्या कमाईचंच खायचे, असं हदीसमध्ये येतं. कुरआन सांगतं की त्यांना लोखंड मऊ करून चिलखतं घडवण्याची कला मिळाली होती. म्हणजे लोहार. हजरत जकरिया सुतार. स्वतः प्रेषित मुहंमद (स.) पोरवयात मक्केच्या लोकांच्या मेंढ्या मजुरीवर चारत आणि मोठेपणी ते मुद्दाम सांगत. त्यांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा या व्यापारी होत्या. आधी त्यांनी मुहंमदांना आपला माल घेऊन शामच्या, म्हणजे सीरियाच्या, बाजारात पाठवलं आणि लग्न त्यानंतर झालं. मुलांना हा क्रम फार आवडला. "म्हणजे खदीजा त्यांच्या बॉस होत्या?" असं एकीने विचारलं. हो, होत्या.

सगळ्यात शांतपणे ऐकली गेली ती हजरत जैनबची गोष्ट. जैनब बिन्त जहश या प्रेषितांच्या पत्नी, कुरैश घराण्याच्या नातलग, म्हणजे अगदी उच्चकुलीन. त्या घरी कातडी कमवायच्या, शिवायच्या आणि आलेला पैसा दान करायच्या. कातडं कमावणं म्हणजे काय, ते मी मुलांना नीट सांगितलं. वास, चुना, पाणी, हाताला पडणाऱ्या भेगा, सगळं. आपल्याकडे हेच काम करणाऱ्यांची वस्ती गावाबाहेर ठेवली गेली, हेही. प्रेषितांच्या घरात ते काम त्यांची पत्नी करत होती आणि ते लपवण्याची कोणाला गरज वाटली नाही. हदीसच्या ग्रंथांत ते तसंच लिहिलेलं आहे.

हे सांगताना खालून भज्यांचा वास येत होता आणि माझ्या लक्षात आलं की गच्चीवर मोठ्या मुली कमी झाल्या आहेत. रमजानचा दुसरा आठवडा आला की दहा-बारा वर्षांच्या मुलींना खाली कांदा चिरायला बोलावलं जातं. त्याच वयाचे त्यांचे भाऊ वर गोष्टी ऐकत बसतात. त्या दिवशी मी मुलांना विचारलं, प्रेषित घरात काय करायचे? कोणालाच माहीत नव्हतं. हजरत आयेशांनी सांगून ठेवलं आहे की ते घरच्यांच्या कामात असायचे, आपली चप्पल स्वतः सांधायचे, कपडा शिवायचे, आणि नमाजची वेळ झाली की निघायचे. दुसऱ्या दिवशी दोन मुलगे खजुरांच्या बिया काढत बसलेले दिसले. बाकीच्यांनी काही मनावर घेतलं नाही. सुनत म्हणून दाढी ठेवणारे पुष्कळ असतात, चप्पल सांधणारे कमी, हे मोठ्यांतही मी पाहते आहे.

मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांना गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार ही नावं पाठ असतात. संताच्या नावाला त्याचं काम चिकटलेलं आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मी त्यांना म्हटलं, आपल्याकडेही तसंच आहे. मदरशांमध्ये आजही शिकवलं जाणारं फिकहचं एक जुनं पुस्तक आहे, ते लिहिणारे इमाम कुदूरी. कुदूर म्हणजे हंड्या, भांडी. अकराव्या शतकातले बगदादचे विद्वान. त्यांच्या आधीचे जस्सास, म्हणजे चुना-गिलावा करणारे. खस्साफ हे मोठे कायदेपंडित जोडे सांधून पोट भरायचे आणि तेच त्यांचं नाव झालं. इमाम अबू हनीफा, ज्यांच्या मार्गाने भारतातले बहुतेक मुसलमान नमाज पढतात, ते कापडाचे व्यापारी. उमर खय्यामच्या नावात तंबू शिवणारा आहे. कवी अत्तार खरोखरच अत्तर आणि औषधांच्या धंद्यातला. आमच्या नांदेडच्या मुलीने तेव्हा आजूबाजूला असं पाहिलं की जणू निशापूरचा तो कवी तिचा मामा लागतो.

आणि मन्सूर हल्लाज. बगदादमध्ये ९२२ साली ज्यांना सुळी दिली, ते सूफी. हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. उत्तरेकडचे पिंजारी आपल्याला मन्सूरी म्हणवतात ते त्यांच्यावरून. इथे मी थांबले आणि मुलांना सांगून टाकलं, "मी शेख नाही. मी पिंजारी. तुमच्या गाद्या पिंजायला जे यायचे ना, ते आम्ही." मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही. एकाने विचारलं, "मग तुमच्याकडे ते वाजणारं आहे का?" माझ्या अंगावर मात्र काटा आला होता. चाळीस वर्षांत हे वाक्य मी घराबाहेर पहिल्यांदा उच्चारलं.

कामांच्या या गोष्टी गोड आहेत, पण तेवढ्यावर थांबलो तर आठवीतल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच राहतं. बाराव्या की तेराव्या रोज्याला तिने पुन्हा विचारलं, "मॅडम, प्रेषितांनी सगळ्यांना सारखं केलं, मग परत खालचे-वरचे कोणी केले?" इतिहास शिकवणाऱ्या बाईला ही पळवाट बंद असते.

केले ते आपणच. त्या काळी अरबस्तानातही उच्चनीच होतंच. प्रेषितांचे एक निष्ठावंत सहकारी अबू जर यांनी रागाच्या भरात एकाला त्याच्या आईवरून हिणवलं. तो माणूस म्हणजे काळे, हबशी, गुलामीतून सुटलेले बिलाल, असं पुष्कळ जण सांगतात. प्रेषितांनी अबू जरना तिथल्या तिथे सुनावलं की तुझ्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे. ६३० साली मक्का जिंकल्यावर काबागृहाच्या छतावर चढून अजान देण्याचा मान बिलालनाच मिळाला आणि ते पाहून कुरैशांतल्या काही मानी लोकांची जीभ वळवळली, हेही नोंदलेलं आहे. पुढे साम्राज्यं झाली, दरबार झाले. फिकहच्या जुन्या पुस्तकांत लग्नाच्या बरोबरीची चर्चा करताना विणकर, झाडूवाला, चामडं कमावणारा यांना व्यापाऱ्याच्या बरोबरीचं मानू नये, अशी मतं आली. दिल्लीच्या सुलतानांच्या काळातला, चौदाव्या शतकातला इतिहासकार जियाउद्दीन बरनी तर लिहून गेला की हलक्या कुळातल्या लोकांना नमाज-रोज्यापुरतं शिकवावं, त्यापुढे लिहा-वाचायला शिकवू नये. जैनबच्या हातातलं कातडं आणि बरनीचं हे मत, दोन्ही आपल्याच वारशात आहे. मुलांना एकच दाखवायचं आणि दुसरं चादरीखाली ठेवायचं, तर ती मोठी झाल्यावर दोन्हींवर विश्वास ठेवणार नाहीत.

महाराष्ट्रातलं गावही काही वेगळं नव्हतं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या 'गावगाडा'त मुलाणी बलुतेदारांच्या रांगेत भेटतो. गावाच्या जत्रेत बकरं कापायला तोच लागायचा, हिंदू घरांनाही. मण्यार आणि कासार एकाच मनगटावर बांगड्या भरायचे. गावगाड्याची चाकं अशी एकमेकांत अडकलेली होती, पण कोणाचं चाक खाली आणि कोणाचं वर, हेही पक्कं ठरलेलं होतं. आपल्या मुस्लिम घरांनी नमाजची सफ एक ठेवली आणि सोयरिकीची पंगत वेगळी. अजूनही लग्नाच्या जाहिराती वाचून पाहा.

आडनावाचा हा प्रश्न आमच्या घरात यंदा वेगळ्याच वाटेने आला. भाचीला इंजिनीअरिंगला जायचं आहे. १९९४ साली महाराष्ट्र सरकारने मुसलमानांतल्या मागास जातींना ओबीसीच्या सवलती देण्याचा निर्णय घेतला. त्यामागे जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी उभं केलेलं मुस्लिम ओबीसींचं आंदोलन होतं आणि त्यांच्याबरोबर गावोगावच्या सभांना जाणारे दिलीपकुमार. पेशावरच्या फळव्यापाऱ्याचा हा मुलगा बागवानांच्या, पिंजाऱ्यांच्या, विणकरांच्या सभेत का बसतो, असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. यादीत पिंजारी आहेत. पण दाखला हवा तर पुरावा हवा, आणि ओबीसींसाठी तो १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा लागतो. आमच्याकडे त्या काळातल्या सगळ्या कागदांवर आहे 'शेख' आणि जातीच्या रकान्यात 'मुसलमान'. आजोबांनी अब्रूसाठी पुसलेला शब्द नात आता शोधते आहे. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात सहा चकरा झाल्या. शेवटी बार्शीकडच्या एका जुन्या शाळेच्या रजिस्टरात आजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे बारीक मोडीवळणाच्या अक्षरात 'पिंजारी' सापडलं. आईला फोन करून सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझी आजी असती तर हसली असती की रडली असती, कळत नाही."

त्या पाचवीतल्या मुलाकडे वळते. कागद आणायला सांगितल्यापासून तो गच्चीवर आलाच नव्हता. पहिल्या दिवशी वाटलं आजारी असेल. मग जिन्यात त्याचे वडील भेटले. ते हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे काम करतात. काचेच्या त्या इमारतींपैकी एकीत, रात्रपाळीला. त्यांनी नम्रपणे सांगितलं, "मॅडम, बच्चे को वो सब मत पूछो. नमाज सिखाओ, दुआ सिखाओ, बस."

मी त्यांना चहाला, म्हणजे तरावीहनंतरच्या चहाला, वर बोलावलं. ते दोन दिवसांनी आले. त्यांना मी ती गोष्ट सांगितली, जी मी मुलांनाही सांगणार होते. मदीनेच्या मशिदीत झाडू मारणारी एक काळी बाई होती. ती रात्री वारली. एवढ्यासाठी प्रेषितांना कशाला उठवायचं, म्हणून लोकांनी परस्पर दफन केलं. ती दिसेना तेव्हा प्रेषितांनी चौकशी केली, मला का कळवलं नाही म्हणून विचारलं, तिची कबर दाखवायला लावली आणि तिथे उभं राहून तिच्यासाठी नमाज पढली. अकबराच्या काळात सफाई करणाऱ्यांना हलालखोर हे नाव दिलं गेलं, म्हणजे कष्टाचं, हलालचं खाणारा. तेही मी सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कहानी मुझे मालूम है. हमारी मस्जिद में भी सुनाते हैं. सुनाने के बाद रिश्ता कौन देता है?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दलित मुसलमानांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश नाही, १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात पुढे शीख आणि बौद्ध आले पण मुसलमान आणि ख्रिस्ती आले नाहीत, हे सगळं मला पाठ आहे. पण त्यांनी सरकारबद्दल विचारलं नव्हतं, माझ्याबद्दल विचारलं होतं. आमच्या घरात त्यांच्या मुलीला कोणी सून करून आणलं असतं का? मी गप्प राहिले. मग पिंजणाची, चादरीची आणि शाळेच्या रजिस्टराची हकिकत त्यांना सांगितली. ते पहिल्यांदा हसले. "मतलब आपने भी छुपाया?" मी म्हटलं, आजोबांनी लपवलं, मी पुढे चालवलं. चहा संपवून ते कामाला गेले.

बाविसाव्या रोज्याला मुलगा वर आला. खिशात कागद होता, चार घड्या घातलेला. गच्चीच्या भिंतीवर बाकीचे कागद चिकटपट्टीने लावलेले होते. त्याने ते सगळे आधी वाचून काढले. मग स्वतःचा कागद माझ्या हातात न देता स्वतःच मोठ्याने वाचला. 'माझे दादा कुर्ल्याला गटार साफ करायचे. ते बांबू घेऊन जायचे. दादी म्हणते ते घरी आले की आधी नळावर अंघोळ करायचे आणि मगच आम्हाला हात लावायचे. पगाराच्या दिवशी ते जिलेबी आणायचे.'

कोणी काही बोललं नाही. कॅरमच्या डावात ज्याने तो शब्द वापरला होता, तो सातवीतला मुलगा चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत होता. ते सापडल्यावर त्याने एक तुकडा तोडून पुढे केला आणि विचारलं, "कुठून आणायचे? स्टेशनच्या बाहेरून?"

"हां," तो म्हणाला. "स्टेशन के बाहर से. अभी भी है वो दुकान."

जिलेबी गोल असते की कधी कधी चौकोनीही करतात, यावर वाद सुरू झाला, आणि तेवढ्यात खालून कोणीतरी सरबताची बादली न्यायला हाक मारली.